माझ्याकडे बघून बोला

शांतताबाईंना हे नाव पाठीमागून पडलं असं लोकांना वाटतं. ते पडलं चक्क तोंडावर. प्रार्थनामंदिराच्या तळघरातल्या लांबट खोलीत शाळेची पोरं बसवली की बाई पुढे यायच्या आणि पहिला शब्द टाकायच्या, "शांतता!" तोही असा की पोरं आदराने वगैरे नाही, दचकून गप्प व्हायची. वर प्रार्थनेला बसलेली म्हातारी मंडळीही गप्प व्हायची. एकदा खुद्द धर्मगुरूच मध्ये थांबले आणि आपण कुठपर्यंत आलो होतो ते त्यांना आठवेना. त्या दिवशी किल्ल्या सांभाळणारा माणूस धापा टाकत जिना उतरला आणि दारातूनच म्हणाला, "शांतताबाई, जरा हळू शांतता करा. वर देव दचकतोय."

त्या दूरदेशीच्या शहरातल्या ज्यू समाजात आता माणसं मोजकीच. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा म्हटलं तर मागच्या रांगेला टाचा उंचवाव्या लागणार नाहीत. एके काळी याच समाजाच्या गल्ल्याच्या गल्ल्या होत्या. शिंपी, घड्याळजी, डॉक्टर, भांडकुदळ सासवा, उधळे जावई, सगळा पसारा होता. मग महायुद्धाचे ते दिवस आले. ज्यू म्हणून जन्माला आली एवढ्यावरून माणसं घराघरांतून बाहेर काढली, बाजाराच्या आवारात उभी केली, गाड्यांत भरली, नेली आणि मारली. हे एका दिवसात घडत नाही. आधी कुठले शब्द रुळले, मग कुठले कायदे झाले, आणि शेवटी खिडक्यांचे पडदे कसे हळूच ओढले गेले, हे आताच्या पोरांना सांगायचं आणि वर्षातून एकदा गेलेल्यांच्या स्मरणाचा मोठा कार्यक्रम करायचा, हे बाईंचं काम. त्या मुळात भूगोलाच्या शिक्षिका. नोकरीत असतानाच या कामात शिरल्या आणि निवृत्त झाल्यावर पुरत्या बुडाल्या. खोलीतली ओल, बोटं चिमटणाऱ्या घडीच्या खुर्च्या आणि कानशिलात बसल्याशिवाय सुरू न होणारा प्रोजेक्टर, या सगळ्यांशी त्यांचं सासुरवाशिणीसारखं जमलं होतं. म्हणजे जमत नव्हतं, पण घरचं झालं होतं.

या सगळ्यामागे त्यांची आई होती. ती त्या दिवसांतून जिवंत निघालेली, पण घरात त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. लहानपणी बाईंनी काही विचारलं की आई म्हणायची, "थांब, गॅसवर दूध आहे," आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहायची. गॅसवर दूध नसायचं. बाई मोठ्या झाल्या, लग्न झालं, आई गेली. ते दूध काही तापलं नाही. मग बाई दुसऱ्यांच्या आयांकडे वळल्या.

पहिल्या कार्यक्रमाला त्यांनी एका शिवणकामवाल्या आजींना बोलायला बसवलं होतं. आजींनी सुरुवात झकास केली. पण पुढच्या रांगेत एक गोबऱ्या गालांचा मुलगा बसला होता, आजींच्या धाकट्या भावाला नेलं तेव्हा तो होता साधारण त्याच वयाचा. आजींची नजर त्याच्यावर पडली आणि शब्द घशात अडकले ते अडकलेच. मुलगा बिचारा रडायला लागला. त्याला वाटलं, आपण शिस्त मोडली. पुढच्या खेपेला बाईंनी आजींच्या अगदी समोर स्वतःची खुर्ची टाकली आणि म्हणाल्या, "आजी, पोरांकडे बघूच नका. माझ्याकडे बघून बोला. मला एकटीलाच सांगताय असं समजा."

युक्ती लागू पडली. आजी शेवटपर्यंत बोलल्या. पुढे जो जो साक्षीदार आला त्याला बाईंनी हाच मंत्र दिला. बाईंचा चेहराही त्या कामासाठीच घडवल्यासारखा होता. मोठा, गोल, भिंतीवरच्या घड्याळासारखा. खोलीत कुठूनही दिसावा. सांगणारा अंधारात लपला की बाईंचा श्वास लपायचा, सांगणाऱ्याला भाकरतुकडा मिळाला की बाईंच्या गालावर रंग यायचा. अशा चेहऱ्यासमोर दगडही बोलला असता. बोलले. वर्षानुवर्षं साक्षीदार बोलले, आणि एकेक करून निघून गेले. शेवटी उरले फक्त चष्मेवाले काका.

काका नव्वदीला टेकले होते, पण अजून लोकांचे चष्मे दुरुस्त करायचे. "काका, तब्येत काय म्हणते?" असं विचारलं की म्हणायचे, "तब्येत ठणठणीत आहे, मीच जरा बरा नाही." मात्र तळघरात बाईंसमोर बसले की थट्टा बंद. त्यांची गोष्ट बाईंना तोंडपाठ होती. काका तेव्हा शाळेत नुकतेच जाऊ लागलेले. बाजाराच्या आवारात आईचा हात धरून उभे. पहारेकऱ्यांना दूध घालायला रोजची दूधवाली बाजूच्या फाटकातून आत आली. आईने तिच्या हातातला रिकामा डबा घेतला, पोराच्या हातात दिला आणि म्हणाली, "हिच्या मागोमाग जा. मागे वळू नकोस." पहारेकऱ्याला वाटलं, दूधवालीचाच पोरगा. डबा पायांवर आपटत काका चालत राहिले आणि फाटकापाशी आईचं न ऐकता वळले. "आई माझ्याकडे बघत होती," असं म्हणून काका बाईंकडे बघायचे. "रडत नव्हती. हाक मारत नव्हती. नुसती बघत होती." खोलीतल्या खुर्च्यासुद्धा त्या वेळी करकरायच्या नाहीत. आई परत आली नाही. कुणीच परत आलं नाही. दूधवालीने पोराला वाढवलं.

यंदाच्या स्मरणदिवसाच्या आदल्या दुपारी बाई नेहमीप्रमाणे उजळणीला काकांच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतभर चष्म्यांच्या चौकटी लटकत होत्या, काचा नसलेल्या. बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून टेबलावर पांढरा टॉवेल पसरला होता.

"उद्या मी येत नाही," काका मान वर न करता म्हणाले.

"बरं. सकाळी न्यायला माणूस पाठवते."

"मास्तरीणबाई, मी काय म्हणतोय?"

"दर वर्षी म्हणता तेच." ते खरंच होतं. कधी गुडघा, कधी सर्दी. एका वर्षी तर कवळी हरवली म्हणून सांगितलं होतं, कवळी तोंडात ठेवून.

काकांनी पेचकस खाली ठेवला. "बस. आणि तोंड तिकडे कर."

"कुठे?"

"भिंतीकडे."

बाईंना वाटलं, काहीतरी थट्टा आहे. त्या हसत हसत वळून बसल्या. समोर सगळ्या रिकाम्या चौकटी त्यांच्याकडे बघत होत्या.

"आईचा चेहरा गेला," मागून काकांचा आवाज आला.

"म्हणजे?"

"म्हणजे गेला. डोळे मिटले की आवार दिसतं. दूधवालीची ओढणी दिसते. डबा दिसतो, त्याला कुठे पोचा आलाय तोही दिसतो. फाटकापाशी मी वळतो. आणि तिथे तू असतेस."

बाई मोठ्यांदा हसल्या. "अहो काका, मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते!"

"ते मला कळतं गं. डोळ्यांना कोण सांगणार? माझी आई पंचविशीची पोर होती, काडीसारखी. आणि तिथे तू उभी. हा एवढा चेहरा. वर चष्मा! मीच बसवून दिलेला चष्मा, मास्तरीणबाई. माझ्या आईच्या नाकावर."

बाईंचं हसू मध्येच कुठेतरी पडलं. "कधीपासून?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"ठाऊक असतं तर तेव्हाच थांबलो नसतो? थोडी थोडी गेली असेल. दर वेळी त्या जागेवर आलो की मी तुझ्याकडे बघायचो. तूच सांगितलंस ना, माझ्याकडे बघून बोला? बघितलं. बघत बघत गिरवलं तुला. आधी वाटायचं, झोपेत होतं. हल्ली जागेपणीही तूच."

"एखादा फोटो? नात्यात कुणाकडे?"

"फोटो असता तर तुझं थोबाड कशाला बघत बसलो असतो?" मग आवाज खाली आला. "तुझ्यावर राग नाही. पण तिचं माझ्याकडे तेवढंच होतं. एक बघणं. उद्या पुन्हा सांगितलं, तर काठाला काही उरलं असलं तर तेही पुसलं जाईल."

"मग पोरांना काय सांगू?"

"सांग, कवळी हरवली."

बाई उठल्या. निघताना वळायचं कसं, हेच त्यांना कळेना. शेवटी भिंतीला धरून, तोंड फिरवूनच दारापर्यंत गेल्या. कडी कपाळावर बसली. मागून काका सवयीने म्हणाले, "चष्मा वाचला ना?"

बाईंचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. ज्या रेडिओंवर कुणी काही ऐकत नाही अशा रेडिओंची ते निष्ठेने सेवा करत. बाई घरी आल्या तेव्हा ते एका रेडिओचं पोट उघडून बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. यजमान चष्म्याच्या गोष्टीपर्यंत हसत होते, मग थांबले.

जेवताना बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"मान दुखतेय का गं?"

"तुम्ही माझ्याकडे बघू नका."

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे आधी सांगायचंस," यजमान म्हणाले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी भाजी पुढे सरकवली.

बाईंच्या डोळ्यांपुढून त्या शिवणकामवाल्या आजी हलत नव्हत्या. शेवटच्या आजारपणात बाई त्यांना भेटायला गेल्या होत्या, तेव्हा आजींनी बाईंच्या गालावरून हात फिरवला होता आणि "किती मोठा झालास रे" असं म्हणाल्या होत्या. तापात माणूस काहीही बोलतं, असं बाईंनी तेव्हा मनात म्हटलं होतं. आता त्यांना ते "रे" ऐकू येऊ लागलं. मग बहिणीची गोष्ट सांगणारा तो बेकरीवाला. विहिरीपाशी उभ्या राहिलेल्या वडिलांची गोष्ट सांगणारे ते लंगडे मास्तर. सगळे बाईंकडे बघून बोलले होते आणि सगळे आता गेलेले. जाताना त्यांना नेमकं कोण दिसलं, हे विचारायची सोय राहिली नव्हती. बाईंना वाटलं, त्या सगळ्या आवारांमध्ये, विहिरींपाशी, गाड्यांच्या दारांत आपणच उभ्या आहोत. ज्यांची ती जागा, त्या माणसांना बाजूला सारून, गोल चेहऱ्याने, चष्मा लावून. ज्यांना एकदा मारलं होतं, त्यांना आपण पुन्हा... त्यांनी पुढचा विचार केला नाही. आणि स्वतःच्या आईला आठवायला गेल्या, तर दिसली ती पाठच, गॅसकडे वळलेली.

"पण उद्या कोण बोलणार?" यजमानांनी विचारलं. "शाळा तर येणार."

"मीच सांगेन. पाठ आहे मला."

"सांग बघू."

बाईंनी हातरुमालाने तोंड पुसलं आणि सुरुवात केली. "दूधवाली पुढे होती. मी मागे. डबा माझ्या पायांवर आपटत होता..."

यजमानांनी हातातला घास ताटात ठेवला. बाईंना काय झालं ते तेव्हा कळलं. 'काका' म्हणायच्या ऐवजी त्या 'मी' म्हणाल्या होत्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तेच झालं. डब्याची कडी त्यांच्या तळहाताला गार लागत होती.

सकाळी बाई तळघरात आल्या आणि आधी आपली ती समोरची खुर्ची मिटून भिंतीला लावली. आज नकाशा दाखवायचा, रिकाम्या झालेल्या गल्ल्यांची चित्रं दाखवायची, आणि प्रत्यक्ष बोलणारं आता कुणी नाही हे पोरांना सरळ सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शाळेची बस आली. पोरं जिन्यावरून वाळूचा ट्रक रिता व्हावा तशी खाली ओतली गेली. बाईंनी तोंड उघडलं, पण आज "शांतता" हळू निघाली. पोरं दचकली नाहीत, त्यामुळे गप्पही बसली नाहीत.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. काका. कोट घालून, एकटेच.

"तुम्ही येणार नव्हतात ना?" बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"नव्हतोच. मग वाटलं, पोरं एवढी लांबून यायची, आणि काय बघायची? तुझा प्रोजेक्टर?" काका आपल्या जागी बसले. "तू मागे बस. लांब."

बाई शेवटच्या रांगेत, दोन दांडग्या पोरांच्या आड जाऊन बसल्या. काकांनी सुरुवात केली. आवाराशी आले, दूधवालीशी आले. आणि त्यांची नजर सवयीने फिरू लागली. डोकी ओलांडत, रांगा ओलांडत, अंधारात दिवा शोधावा तशी ती आली आणि बाईंच्या चेहऱ्यावर टेकली. काकांचं तोंड उघडं राहिलं. खोलीत कुठूनही दिसावा असा तो चेहरा. आज तो कुठे ठेवावा, हे बाईंना कळेना. त्यांनी हाताने झाकून पाहिला. मग उठल्या, वाकून रांगेतून बाहेर पडल्या आणि दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बोळात केरसुणी, पोरांचे कोट आणि मधूनच ठोके देणारा पाण्याचा पाइप होता. इतक्या वर्षांत काका बोलत असताना बाई दाराच्या या बाजूला कधी आल्या नव्हत्या. आतून काहीच ऐकू येईना. एक खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाला आपण भर वर्गात एकटं टाकून आलो, आता तो कोलमडेल, असं वाटून बाईंचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

मग आवाज आला. नेहमीचा नव्हता. नेहमीच्या आवाजाला चढण होती, उतार होता, कुठे थांबायचं ते ठरलेलं होतं. ते सगळं बाईंच्या चेहऱ्यावर बेतलेलं होतं. हा आवाज ठेचकाळत होता.

"दूधवाली पुढे गेली. मी मागे. डबा... तो जड होता बाळांनो. रिकामा, पण जड. आई म्हणाली होती, वळू नकोस. मी वळलो." पाइपने ठोका दिला. "वळलो, आणि तिथे माणसं होती. खूप. सगळ्यांचे कोट सारखेच. मी बघितलं. मला आई सापडली नाही."

हे गोष्टीत नव्हतं. कधीच नव्हतं.

"पण तुमची आई तुमच्याकडे बघत होती ना?" एक मुलगी विचारत होती. तिला गोष्ट कुणीतरी आधी सांगितली असावी. एखाद्या थोरल्या भावाने, मागच्या कुठल्या तरी वर्षी ऐकून.

"असं मी सांगायचो खरा."

"मग?"

"आता डोळ्यांपुढे कुणी नाही, तर तिथेही कुणी दिसत नाही. पहिल्यापासूनच दिसली नसेल का? की दिसली होती आणि गेली? काय सांगू तुला. मला खरंच माहीत नाही."

काल बाई आपण एक चेहरा पुसला म्हणून जळत होत्या. आता ती जागा आधीपासून मोकळीच असेल तर? एका पोराने इतक्या गर्दीत आईला शोधलं, ती सापडली नाही, आणि पुढे साठ-सत्तर वर्षांनी समोर एक चेहरा मिळाला म्हणून त्याने तो तिथे नेऊन उभा केला असेल तर? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, हे बाईंना ठरवता येईना. ठरवणार तरी कोण? ते ज्यांना ठाऊक होतं ती माणसं त्या आवारातून गाड्यांत चढली होती.

"पण तुमच्या आईला तुम्ही दिसला असाल," ती मुलगी म्हणाली. पोरगी चिवट होती. बाईंच्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसली असती.

"असेन," काका म्हणाले. "डब्याचा आवाज फार होत होता. दिसलो नसलो तरी ऐकू आलो असेन. कुठपर्यंत गेलो ते कळलं असेल तिला." मग आवाज घोगरा झाला. "बाहेर कोण आहे? जरा पाणी आणा."

बाईंनी पेला भरला. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, हनुवटी छातीला टेकवली आणि दार ढकलून आत गेल्या. जमिनीवरच्या फरशांकडे बघत टेबलापर्यंत गेल्या, पेला ठेवला आणि वळल्या.

"चपला ओळखल्या हं मी," काका म्हणाले.

पोरं खदखदून हसली. बाईंना वर बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखली. काका हसताहेत की रडताहेत, ते एकदाच बघायचं होतं. त्या फरशा बघत बघतच बाहेर आल्या आणि दार लावून घेतलं.

आत काका पाणी प्यायले, पेला ठेवल्याचा आवाज आला. "हां," ते म्हणाले, "तर मी वळलो." आता त्यांना घाई नव्हती. ते एकेक माणूस बघत असावेत, कारण एकेकाबद्दल सांगू लागले. कानटोपी घातलेला एक म्हातारा. पिशवीवर बसलेली एक गरोदर बाई. दोरीने चष्मा कानाला बांधलेला कुणीतरी. बोळात उभ्या उभ्या बाईही त्यांच्याबरोबर शोधू लागल्या. माणसांमागून माणसं होती. त्यांतल्या एकाचाही चेहरा बाईंच्या ओळखीचा नव्हता.